दिवेलागणीचा फोन

"खोटं दडवणाऱ्याला तुम्ही आत घेता आणि खरं सांगणाऱ्याला दारातच अडवता! हा कुठला न्याय, साहेब?"

महानंदाचा आवाज बेंगळुरातल्या, बनशंकरीच्या त्या दोन खोल्यांत मावेना. समोर चौकशीचे साहेब बसले होते. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. पण हा माणूस 'विश्वासू' म्हणेपर्यंत तिला फाटकाच्या आत पाऊल टाकता येणार नव्हतं. साहेब मूळचे निपाणीचे, म्हणून चौकशी मराठीतच चालली होती.

"आवाज कमी करा," साहेब म्हणाले. "जुन्या कारखान्यानं तुमचं कौतुकच कळवलंय. आणि तुम्ही स्वतःच सांगता, की भट्टीची चाचणी न घेता तापमानाचे आकडे मनानंच लिहिले."

"लिहिले. वरिष्ठ म्हणाले, माल आजच गेला पाहिजे. मी मान डोलावली. त्यांचं पाप त्यांच्यापाशी. हात माझा होता."

"सहा वर्षं गप्प होतात. आजच का सांगताय?"

"थांबा स्वल्प. दिवेलागण होऊ द्या, कळेल."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "हे त्या वरिष्ठांनाही ठाऊक आहे. ज्याचं गुपित दुसऱ्याच्या मुठीत, तो उद्या आतलं काहीही बाहेर देईल, बाई. अशा माणसाला मी कसं आत सोडू?"

सासूबाईंनी, विमलाबाईंनी, कॉफीचा पेला टीपॉयवर आपटलाच. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिनं आपल्या हातानं उघडली. हरिश्चंद्राची नात लागून गेलीय! बस आता घरी."

साहेब उठले. दाराशी जाऊन चपला घालू लागले. विमलाबाई पुटपुटत देवापाशी गेल्या आणि त्यांनी काडी ओढली. तेवढ्यात फोन वाजला.

महानंदानं फोन टीपॉयवर ठेवला. स्पीकर लावला. साहेबांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. साहेबाला असं गप्प करायची कुणाची छाती झाली नसेल आजवर.

"काय अक्का, ठरलं का?" आवाजात साखर होती. हा माणूस धमकी मराठीतच द्यायचा; बेंगळुरात शेजारच्याला कळायला नको. "पेढे नाही दिलेस. राहू दे पेढे. रुजू झालीस की आतल्या एका यंत्राचं ड्रॉइंग तेवढं आण. नाहीतर ते भट्टीचे आकडे मला काही विसरता येत नाहीत बघ. मी एक शब्द टाकला, की तुझी नोकरी गेली."

"आणि ते आकडे लिही म्हणून सांगितलं कुणी होतं?"

"मीच. मग? सही तुझी आहे, अक्का. माझं नाव कुठंय त्यात?"

विमलाबाईंच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. साहेबांच्या एका पायात चप्पल होती, दुसरी हातात. ते तसेच परत खुर्चीत येऊन बसले. पेनाचं टोपण काढलं.

"याच्या मुठीत आता काही उरलं नाही, बाई," ते हळूच म्हणाले. "तेवढं नाव विचारा."

महानंदा फोनवर वाकली. रोज दिवेलागणीला हा आवाज आला, की ती हळू आवाजात 'हो, हो' म्हणायची. आज ती खदखदून हसली.

"गिरीराज अण्णा, मी सगळं सांगून मोकळी झालेय. चौकशीचे साहेब इथंच बसलेत, आणि मराठी त्यांना फार छान कळतं. तुमचं पूर्ण नाव विचारतायत. सांगा की!"