शून्य मागणी

वैशाखातल्या दुपारी आमच्या नानाखेड्याची लाइट नेहमीसारखी गेली. अर्धांग झालेल्या सासऱ्यांना मी हातपंख्यानं वारा घालत होते, तेवढ्यात यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, वीज कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. “बधाई हो, प्रोग्राम सही निकला! नानाखेड़ा की माँग ज़ीरो!” स्पीकरवरून साहेबांचा आवाज खोलीभर घुमला. उज्जैनमध्ये उद्या कुठे किती वीज लागेल, हे जुन्या आकड्यांवरून मेंदूसारखं शिकून सांगणारा प्रोग्राम यांनी बनवला होता. “सर, ज़ीरो तो बिजली कटौती से आया,” हे काकुळतीनं म्हणाले. बंद लाइटची शून्यं बघून प्रोग्राम शिकला होता, की आम्हाला वीज लागतच नाही. “माँग नहीं, तो शाम तक वहीं की बिजली काटेंगे,” साहेब हसले. फोन ठेवल्यावर कमी ऐकू येणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, “काय म्हणाले?” “अंदाज बरोबर आला, बाबा,” हे म्हणाले. सासऱ्यांनी चांगला हात यांच्या डोक्यावर ठेवला. मी पंखा दुसऱ्या हातात घेतला.