कायद्याची खुर्ची

“बसा एकदाच्या!” गुगळेशेठनी गल्ल्यामागची स्वतःचीच खुर्ची पुढे ढकलली. नव्या कायद्यानं दुकानातल्या कामगाराला बसायला जागा देणं सक्तीचं केलं होतं, आणि तपासणीवाले म्हणे गिऱ्हाईक बनून येत होते.

एकोणीस वर्षं शेठचं ‘आधी पुसा, मग दाखवा’ ऐकत उभ्यानं भांडी विकत आलेल्या कुमुदताई अवघडून टेकल्या. पंख्याचा वारा अंगावर आला. शेठ दिवसभर का उठत नाहीत, ते त्यांना आज कळलं.

तेवढ्यात एक बाई आत आल्या. त्यांनी ताईंना नमस्कार केला आणि उभ्या शेठना फर्मावलं, “भाऊ, माळ्यावरचं ते पातेलं काढा.”

याच तपासणीवाल्या असल्या तर? शेठ शिडी चढले, धुळकट पातेलं घेऊन उतरले.

ताई खुर्चीत ऐसपैस रेलल्या.

“आधी पुसा, मग दाखवा.”