हिंडती पिशवी

युदेल्का मातोसचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि तिची पोटदुखी कायमची गेली. पण तूर्त असं काही झालेलंच नाही असं धरू, कारण डॉ. अल्सिबियादेस पेन्यांना ते होऊ द्यायचं नव्हतं.

बाराओना शहरातल्या त्यांच्या दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन एकच होतं. ते आपलं खाजगी आहे असं डॉक्टर मानत. फेब्रुवारीत युदेल्का पहिल्यांदा आली ती विम्याचं कार्ड छातीशी धरून. लग्नाला दीड वर्ष झालेलं, मूल नाही. डॉक्टरांना दिसलं की गर्भाशय अर्धंच आहे, केळ्यासारखं, डावीकडे कललेलं. उजवी किडनी तर जागेवर नव्हतीच. हजारांत एखादीला असं असतं, मूल होऊ शकतं, असं त्यांनी समजावलं.

एप्रिलमध्ये ती पोट धरून, दुमडून आली. दर महिन्याला जीव जातो म्हणाली. नवरा कसा आहे विचारल्यावर कुठला नवरा म्हणाली. डॉक्टरांनी समजूतदारपणे मान हलवली; दोन महिन्यांत नवरा नाहीसा होणं बाराओनाला नवं नव्हतं. मग पडद्याकडे पाहून ते खुर्चीतून उठले. अर्धं गर्भाशय आता उजवीकडे होतं. किडनीही त्याच्यासोबत गेली होती. डावीकडे उरला होता एक बंद कोपरा, वाट नसल्यामुळे रक्त साचून फुगलेला.

चित्र उलटं तर नाही ना म्हणून त्यांनी यकृत पाहिलं. फेब्रुवारीच्या आणि आताच्या, दोन्ही चित्रांत ते उजवीकडेच. राजधानीहून एमआरआय काढून आणवला. तोही तेच म्हणाला.

तो कोपरा काढला की दुखणं संपतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण हिंडणारं गर्भाशय जगात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं, दर सोमवारी तपासणी लावली आणि ऑक्टोबरच्या परिषदेसाठी सूट शिवायला टाकला.

तिची आई, दोन्या म्हणजे बाई मिल्केया, सोमवारी भात-घेवड्याची दोन ताटं घेऊन बाहेर बसे. दुसरं आपलं, असं डॉक्टरांनी धरलं. नवल असं, की पोरगी आज अंथरुणातून उठेना असं आईनं सांगावं, त्याच दिवशी युदेल्का टवटवीत हजर व्हावी आणि पिशवी डावीकडे गेलेली असावी. डॉक्टरांनी वहीत लिहिलं: पिशवी सरकली की आराम पडतो.

सहाव्या सोमवारी युदेल्का वाकूनच आली. आई ताटांशिवाय आत शिरली.

"दोन्या, शास्त्राला थोडा वेळ द्या."

"शास्त्र उशी चावून रडतं का, डॉक्टर?"

"अहो, मी कापायला घेतलं आणि पिशवी सरकली तर? चांगली तेवढी कापली जाईल."

दोन्या मिल्केयाचा चेहरा उतरला. तिनं लेकीकडे पाहिलं, मग दाराकडे.

"आज कुठे आहे?"

"उजवीकडे."

"मग आजच करा. हिच्या पोटात अन्नाचा कण नाही. पुढच्या सोमवारचा भरवसा मी देत नाही."

डॉक्टरांनी विचार केला. पोट उघडलं तर पिशवी कोणत्या वाटेनं जाते तेही दिसेल. ते तयार झाले, आणि वर झालेलं नाही म्हटलं ते झालं. कोपरा निघाला. वाट मात्र सापडली नाही.

म्हणून त्यांनी घरी सोडतानाच्या कागदावर लिहिलं: पिशवी पुन्हा डावीकडे येताच युदेल्का मातोस हिचं पोट परत उघडून वाट शोधावी.

चौथ्या दिवशी अर्ज आला. विमा कार्यालय आणि जन्मनोंदणी कार्यालयालाही त्याची प्रत होती. खाली दोन सह्या होत्या.

"आम्ही दोघी जुळ्या बहिणी. नोंदणीच्या खिडकीपाशी वडिलांना एकच नाव आठवल्यामुळे आम्हा दोघींत कार्ड एकच आहे. तरी जिचं झालं नाही तिचं पोट उघडू नये, जिचं झालं तिचे टाके त्याच कार्डावर काढावेत, आणि शासनानं यापुढेही आम्हांस एकच बाई समजावं, ही नम्र विनंती."