भिंतीपलीकडून

जेवता जेवताच त्याने विषय काढला. नोकरी सोडून आजारी माणसांच्या चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करण्याचं काम सुरू करायचं म्हणत होता. ऑफिसचं काम घरूनच सुरू झालं आणि जाण्यायेण्याचा वेळ वाचला, तेव्हा त्याने खालच्या मजल्यावरच्या काकूंची खुर्ची नीट करून दिली होती. मग काकूंच्या ओळखीतल्या एकांची. मग दवाखान्यातूनच माणसं यायला लागली. आता बाल्कनीत कपडे वाळत घालायलाही जागा उरली नव्हती.

बायको नको म्हणणार, हे त्याने धरूनच चाललं होतं. मुलीचं शिक्षण, पगाराची सवय, स्वतःचं वय, सगळ्याची उत्तरं तो पाठ करून बसला होता.

"करा की," ती म्हणाली.

त्याचा घास हातातच राहिला. "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. तरी करा."

का, ते तिने सांगितलं नाही.

लग्न झाल्यापासून तो सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा आणि दिवेलागणीला दमून परतायचा. मोठ्या हुद्द्यावर आहे, कामाचा बोजा असणारच, एवढंच तिला ठाऊक. तिचे भाऊसुद्धा त्याच्याशी जपून बोलायचे. मग त्याचं टेबल झोपायच्या खोलीत आलं. ती खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात एक पातळशी भिंत. दिवसभर पलीकडून ऐकू यायचं, "हो सर. चुकलंच माझं सर. आत्ता करतो सर."

पहिल्या दिवशी तिला वाटलं, दुसराच कोणी बोलतोय. पुढे पुढे ती त्याच्या मीटिंगच्या वेळी मुद्दाम मिक्सर लावायची. आपल्याला काही ऐकू गेलं नाही, असं त्याला वाटावं म्हणून.

नोकरी सुटली. गाळा मिळेपर्यंत काम घरातूनच चालणार होतं. पहिल्याच सोमवारी ती भांडी घासत असताना पलीकडे फोन वाजला. कुणाच्या तरी वडिलांची खुर्ची चालताना एका बाजूला ओढत होती आणि ती त्यांना लगेच, उद्याच हवी होती.

"उद्या नाही होणार," तो शांतपणे म्हणाला. "घाईत केली तर आजोबा पडतील. परवा या."

तिने नळ बंद केला आणि ती ओल्या हातांनीच भिंतीला कान लावून उभी राहिली.