कोनाड्यातला पेला

मडमेनं कप उचलला आणि पाटलांच्या ओसरीत सगळ्यांनी जीव मुठीत धरला.

ब्राह्मणपुरीत गोरी बाई यायची ही पहिलीच खेप. प्रांतसाहेब आमराईतल्या तंबूत कामात अडकले, म्हणून मडम एकटीच हिंमतराव पाटलांकडे चहाला आली होती. बाहेर ओट्यावर निम्मं गाव. आत देवघराच्या दाराशी सोवळ्यातल्या सासूबाई, तुळशीबाई. शाळेतून तीन खुर्च्या आणल्या होत्या. एकीवर मडम, दुसरीच्या काठावर प्रमिलाबाई. साहेबांची रिकामीच होती. हिंमतराव आपला बायकोच्या मागे उभा, तिनं तोंड उघडायच्या आधीच ह्याचे ओठ हलत होते.

कपबशा होत्या नजमुन्निसाच्या. पाटलांकडे तांब्यापितळेला तोटा नव्हता. पण चिनी माती म्हणजे बाट, ती तुळशीबाईंनी घरात येऊ दिली नव्हती. परसाला लागून फकीर पिंजाऱ्याचं घर. त्याच्या बायकोनं, नजमुन्निसानं, आपल्या माहेरच्या कपबशा ओढणीखाली झाकून मागच्या दारानं आणून दिल्या. सासूबाईंना सांगितलं, नंदुरबारहून नव्या मागवल्या. म्हातारीनं नाक मुरडलं, पण साहेबाच्या मडमेपुढे बोलते कशाला!

"आर यू लोनली हिअर?" मडमेनं विचारलं.

हिंमतरावाची छाती फुगली. अगदी हाच प्रश्न! मडम गावोगाव बायकांना हेच विचारते, इथं एकटं एकटं वाटतं का, अशी पक्की खबर त्यानं काढली होती. म्हणून तर महिनाभर बायकोकडून तेवढेच शब्द पाठ करून घेतले. लोनली म्हणजे एकटी पडलेली. फ्रेंड म्हणजे मैत्रीण. नेबर म्हणजे शेजारीण.

शिकवले त्यानं, पण घोटून घेतले नजमानं. रोज दुपारी परसदारी दोघी मिरच्यांचे देठ खुडत बसायच्या. प्रमिलाबाई उंबऱ्याच्या आत, नजमा बाहेर पायरीवर.

"मैतरीनले काय म्हंतस?" नजमा दटावून विचारायची.

"फ्रेंड."

"शेजारीनले?"

"नेबर."

"आनि मी कोन?"

"तू तं मन्ही फ्रेंड शे, बाई!" असं म्हणून प्रमिलाबाई हसायची, आणि हसता हसता मिरचीचा हात डोळ्याला लागायचा.

आज तिनं एका दमात म्हटलं, "नो मॅडम. आय हॅव अ फ्रेंड."

मडमेचा चेहरा खुलला. "हू? व्हेअर इज शी?"

एवढं पाठ केलेलं नव्हतं. पण कोण, कुठे, असं ती विचारते आहे हे प्रमिलाबाईला उमगलं, आणि तिची नजर आपसूक मागच्या दाराकडे गेली. तिथं नजमा उभी. नवी ओढणी घेतलेली, मान लांब केलेली. शिकवलेलं पोर पाठ म्हणताना आई बघते ना, तशी बघत होती.

मडमेनंही वळून पाहिलं. "शी? युवर फ्रेंड?" ती हसली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर थाप मारून म्हणाली, "कम, कम!"

नजमाचा एक पाय उंबऱ्यावर आला.

तुळशीबाई ताडकन उभ्या राहिल्या. हिंमतरावाचे हलते ओठ मिटले आणि डोळे मोठे झाले. पिंजाऱ्याची बाई देवघरावरून चालत येणार, गावादेखत पाटलाच्या ओसरीत खुर्चीवर बसणार! प्रमिलाबाईनं नुसतं हो म्हणायचं, की झालं. एवढाच एक शब्द.

"नो मॅडम," ती म्हणाली. "नेबर."

"ओह," मडम म्हणाली आणि थाप मारलेला हात तिनं मांडीवर घेतला.

ओट्यावर कुणाला काही कळलं नाही. तुळशीबाईंनाही नाही. घरात ते दोन शब्द कळणारी माणसं तीनच, मडम सोडून. प्रमिलाबाईनं मागच्या दाराकडे बघितलंच नाही. बघायला तोंड होतं कुठे? उंबऱ्यावरचा पाय मागे गेला, तो मात्र तिला खाली मान घालूनही दिसला.

मडम गेली. हिंमतराव हरखून म्हणाला, "शाब्बास! घरनी अब्रू राखी तू!" आणि साहेबाच्या तंबूकडे धावला. तुळशीबाई ओसरी सारवायला शेण आणायला गेल्या.

प्रमिलाबाईनं कपबशा स्वतः धुतल्या, पुसल्या आणि परसदारी नेल्या. नजमा पायरीवर बसली होती, रोजच्याच जागी. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लाजेनं प्रमिलाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"नजमा," ती कशीबशी म्हणाली, "चहा शे अजून. मझार ये ना. आत्याबाई नही शेतस."

बोलली आणि जीभ चावली. सासू घरात नाही म्हणून आत ये!

नजमानं कपबशा मोजल्या नाहीत, नुसत्या ओढणीत बांधल्या. मग म्हणाली, "बरोबर सांगं तू, पाटलीनबाई. एक बी शब्द चुकना नही."

आजवर तिनं तिला कधी पाटलीनबाई म्हटलं नव्हतं.

दाराबाहेरच्या कोनाड्यात तिच्यासाठी वेगळा ठेवलेला जर्मन धातूचा पेला होता. पाणी, ताक, काय असेल ते त्यातच. तो तिनं उतरवला, ओढणीनं पुसला आणि पायरीवरूनच पुढे केला.

"चहा मन्हा आठेज दे."

प्रमिलाबाईनं भांडं आणलं आणि पेल्याला लागू नये म्हणून वर धरलं, रोज धरायची तसंच. आपण किती उंचावरून ओततो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.