दारालगतचा पत्रा

वादळ सरल्यावर निवाऱ्याचं दार उघडलं. गावातल्या प्रत्येकाच्या मनगटात टॅग होता आणि दारावरच्या यंत्राने सगळे टॅग वाचले की दार आपोआप बंद व्हायचं. दार बंद झालं होतं, म्हणून दामू मयेकर वादळात दिवसभर निर्धास्त होता. बायको शेवंता बायकांच्या खोलीत असेल असं त्याला वाटलं. तिचं प्रेत दारापासून वीस पावलांवर सापडलं.

"यंत्राने वहिनींना आत आलेल्यांत धरलं होतं," ग्रामसेविका हळू आवाजात म्हणाली. "त्या तेव्हा रस्त्यावरच होत्या, दामूदादा. टॅग वाचणाऱ्या लहरी या पत्र्यावर आपटून तिथवर पोचल्या आणि दार बंद झालं."

दामूने पत्र्याकडे पाहिलं. आत शिरायच्या रांगेत शेवंता भिजू नये म्हणून त्यानेच तो दारालगत उभा केला होता. निम्म्या गावाची छपरं उडाली होती. पत्रा मात्र त्याने असा आवळून बांधला होता, की तसूभरही हलला नव्हता.