एका झटक्यात

ग्रंथालयातल्या टंकलेखक काकू पुस्तकांची यादी टाइप करत होत्या. प्रत्येक पुस्तकाच्या नावाखालची माहिती थोडी आत सरकवायला त्या ओळीगणिक चार वेळा स्पेस द्यायच्या. चार महिने हेच चाललं होतं. यादी पुरी झाली की नोकरी कायम होणार होती.

"अहो काकू, स्वेटर विणताय की काम करताय?" आमचे संगणक-पंडित गरजले. "माझ्या कॉम्प्युटरवर मी सोय करून घेतलीय. मजकूर निवडायचा, टॅब दाबायचा, सगळं एका झटक्यात आत! सरका बघू."

काकूंच्या कॉम्प्युटरवर ती सोय नव्हती. तिथे टॅब दाबला की निवडलेला मजकूर पुसलाच जायचा.

"अहो, थांबा जरा..." काकू म्हणेपर्यंत पंडितांनी अख्खी यादी निवडली, टॅब दाबला, सेव्ह करून फाइल बंदही केली. नजर पडद्यावर होतीच कुठे? कौतुकाने कोण कोण बघतंय, तिकडे होती.

काकूंनी फाइल पुन्हा उघडली. कोरी.



संध्याकाळी पंडितांचा अहवाल वरिष्ठांच्या टेबलावर पोचला: यादी पुसली गेली, काकूंना कॉम्प्युटर झेपत नाही, त्यांना कायम करू नये. तिन्ही मुद्दे कसे सुबक, एका रेषेत आत सरकवलेले!